फोटो चांगले येतात पण आपले वाटत नाहीत : दर पावसाळ्यात उलटणारं दुखणं आणि माझा इलाज

मी सांगलीत लग्नाचे फोटो काढतो, तेरा वर्षं झाली. आमच्या धंद्यात आषाढी एकादशी झाली की तुळशीच्या लग्नापर्यंत निवांत असतं, अधेमधे एखादं बारसं नाहीतर डोहाळजेवण, बाकी कॅमेरे कपाटात सिलिका जेलच्या पुड्यांबरोबर. मग डोक्यात येतं की चला आता कुणाच्या ऑर्डरचे नाही, स्वतःचे फोटो काढू. जातो, भिजतो, हजार-दीड हजार फोटो घेऊन घरी येतो आणि चौथ्या दिवशी बघितलं की वाटतं हे मी कुठंतरी आधी बघितलंय. शार्प आहेत, एक्सपोजर बरोबर, रंग झक्कास, पण माझे नाहीत. दरवर्षी हेच. दोन वर्षं तर मी कॅमेऱ्याला दोष दिला.

हे बऱ्याच जणांना होतं असं दिसतंय, म्हणून मी काय काय करून बघितलं, त्यातलं काय वाया गेलं आणि कशानं फरक पडला ते लिहून ठेवतोय. लांबलंय, चहा घेऊन बसा.

आधी खात्री करा की दुखणं हेच आहे

फोटो हलत असतील, फोकस नाकाऐवजी मागच्या झाडावर जात असेल, स्टेजवरच्या एलईडीमुळं फोटोत पट्टे येत असतील तर ते वेगळं दुखणं आहे, त्यावर शटर स्पीड आणि सेटिंगचे उपाय आहेत आणि ते एका दिवसात बरं होतं. ते आधी करून या. मी बोलतोय ते त्याच्या पुढचं, जिथं फोटोत चूक काही नाही आणि तीच अडचण आहे.

मला याची खात्री कशी झाली ते सांगतो. मी आणि माझा एक मित्र, तोही याच धंद्यात, कासला गेलो होतो सप्टेंबरमध्ये. आल्यावर घाईत दोघांची कार्डं एकाच फोल्डरमध्ये कॉपी झाली. रात्री बसलो वेगळे करायला आणि मला कळेना कुठला माझा आणि कुठला त्याचा. तेरड्याचा गुलाबी गालिचा, मागं ढग, खालच्या कोपऱ्यात फोकसबाहेरची दोन फुलं, सगळं डिट्टो. शेवटी फाईलच्या नावावरून वेगळे केले, माझा निकॉन म्हणून डीएससी, त्याचा कॅनन म्हणून आयएमजी. तो हसत होता, मला मात्र जरा झोंबलं.

तुम्ही पण करा ही टेस्ट. तुमचे आवडते वीस आणि त्याच जागेचे दुसऱ्या कुणाचे वीस एकत्र करा, नावं झाका, आठवड्यानं उघडा. ओळखू आले तर तुम्हाला या लेखाची गरज नाही.

काय करून बघितलं आणि काही उपयोग झाला नाही

पहिलं अर्थातच लेन्स. ८५ एमएम १.४ ईएमआयवर घेतली. परिणाम काय, तर तेच फोटो, फक्त मागचं जास्त धूसर. लेन्स वाईट नाही, लग्नात तिनं ईएमआय कधीच वसूल करून दिला, पण या दुखण्यावर शून्य.

मग जागा बदलून बघितल्या. इथं मी सगळ्यात जास्त पेट्रोल जाळलंय. भिगवणला फ्लेमिंगो, नाणेघाटात उलटा धबधबा, दिवे घाट. दिवे घाटाचं तर काय सांगू, माऊलींची पालखी वर चढते त्या दिवशी डोंगराच्या त्या ठराविक उतारावर पहाटेपासून ट्रायपॉड लागलेले असतात, ७०-२०० ची लांबची लेन्स लावून सगळे एकाच वळणाकडं तोंड करून बसलेले, आणि तुम्ही तिथं बसलात की तुमचा फोटो तुम्ही काढायच्या आधीच ठरलेला असतो, काळ्या रस्त्यावर पांढऱ्या टोप्यांची नदी आणि भगव्या पताका. फोटो सुंदरच येतो, तो वाईट यायची सोयच नाही तिथं! पण मी तिसऱ्या वर्षी बसलो होतो तेव्हा शेजारचा पोरगा मला विचारत होता की काका सेटिंग काय ठेवलंय, मी सांगितलं, त्यानं तेच ठेवलं, आणि आम्ही दोघं एकच फोटो घेऊन घरी गेलो.

प्रीसेट, म्हणजे एका क्लिकवर फोटोचे रंग बदलणारी तयार सेटिंगं. विकत घेतले, फुकटचे घेतले, हिरवा मारून तपकिरी केला, सावल्या निळ्या आणि चेहरे नारिंगी केले. चार महिने मला वाटत होतं सापडलं. मग एका नातेवाइकाच्या लग्नाचा दुसऱ्याच फोटोग्राफरनं केलेला अल्बम हातात आला, तोच हिरवा, तोच नारिंगी. प्रीसेट हा रेडिमेड ब्लाउज आहे, बसतो सगळ्यांना थोडाथोडा.

ब्लॅक अँड व्हाइट. हे जरा जास्त दिवस चाललं कारण त्यात फोटो लगेच 'सिरियस' दिसतो. पण रंग काढल्यानं नजर येत नाही, एक गोष्ट कमी होते इतकंच. उलटं उदाहरण बघा, रघुबीर सिंह. जयपूरचे, १९४२ चा जन्म, १९९९ मध्ये गेले. ज्या काळात सिरियस फोटोग्राफी म्हणजे ब्लॅक अँड व्हाइट असं धरून चालायचे त्या काळात हा माणूस रंगातच काम करत राहिला, कारण त्यांना आपला देश तसाच दिसत होता. त्यांचा रंग आतून आलेला होता, माझं ब्लॅक अँड व्हाइट कंटाळ्यातून आलं होतं. (अजूनही कधीतरी करतो, खोटं कशाला बोलू. पांढऱ्या झग्यातली आजी आणि खिडकी दिसली की हात जातोच.)

आणि वर्कशॉप. दोन दिवसांचं, स्वतःची नजर शोधा असा विषय. सर चांगले होते, मनापासून शिकवत होते, त्यांनी स्वतःचं काम दाखवलं, धुकं, एकटं झाड, लांब एक माणूस. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी आम्हा सगळ्यांचे फोटो पडद्यावर लावले तर प्रत्येकाच्या फोटोत धुकं, एकटं झाड आणि लांब एक माणूस. जिथं माणूस मिळाला नाही तिथं एकमेकांना उभं केलं होतं, दोन फोटोंत लांबचा माणूस मी आहे.

मग घोळ होता कुठं

फोटो काढताना माझं फारसं चुकत नव्हतं. चुकत होतं निवडताना. हे कळायला मला दहा वर्षं लागली आणि तेही अक्कल वापरून नाही, हार्ड डिस्क भरली म्हणून.

झालं असं, तीन वर्षांपूर्वी श्रावणात चार टीबीची डिस्क लाल झाली. नवी घ्यायची तर सीझन लांब, खिसा रिकामा. म्हटलं जुन्या लग्नातले रिजेक्ट उडवू. लाइटरूम या फोटोच्या सॉफ्टवेअरमध्ये मी फोटो निवडताना-गाळताना नको असलेल्याला एक्स मारतो पण डिलीट करत नाही, आळस, त्यामुळं सात-आठ वर्षांचे रिजेक्ट तसेच पडलेले. फिल्टर लावला, फक्त एक्सवाले, ग्रिडमध्ये छोटे थंबनेल, आणि डिलीट मारायच्या आधी सहज खाली स्क्रोल करत गेलो.

डोळे मिटलेले, हललेले, फ्लॅश न उडालेले असे हजारो होते. पण मध्येमध्ये धड फोटो होते, फोकस बरोबर, फ्रेम विचार करून लावलेली, आणि तरी एक्स. स्टेजच्या मागची बांबूची बांधणी आणि लोंबकळणारे एक्स्टेंशन बोर्ड. कार्यालयाच्या भांड्यांच्या खोलीत पातेल्याला टेकून झोपलेला आचारी. सगळं उरकल्यावर एकावर एक रचलेल्या खुर्च्या. हे मी काढलेत हे मला आठवत पण नव्हतं. २०१६ च्या लग्नात आहेत, २०१९ च्यात आहेत, इस्लामपुरात आहेत, जतला आहेत. कुणी सांगितलं नव्हतं, कुणाला द्यायचे नव्हते, पैसे मिळणार नव्हते, तरी मी परत परत तेच काढत होतो आणि घरी येऊन परत परत तेच फेकत होतो.

का फेकत होतो? कारण निवडायला बसलो की माझा डोळा माझा राहत नाही, पार्टीचा होतो, म्हणजे ऑर्डर देणाऱ्याचा. तेरा वर्षं मी एकच गोष्ट शिकलोय, की अल्बममध्ये काय चालतं. डोळे उघडे पाहिजेत, हसू पाहिजे, नवरीचे दागिने दिसले पाहिजेत, वरमाय कुठंही जाड दिसता कामा नये. या डोळ्यानं पोट भरतं, त्याला नाव ठेवत नाही. पण पावसाळ्यात स्वतःचे म्हणून काढलेले फोटो पण मी त्याच डोळ्यानं गाळत होतो आणि मग कोणते उरणार? जे सगळ्यांना आवडतात तेच. तुम्ही लग्नं काढत नसाल तर तुमची पार्टी म्हणजे मोबाईलवरचे लाइक, गोष्ट तीच.

निवडणं हा किती मोठा भाग आहे त्याचं एक उदाहरण मला फार आवडतं. रॉबर्ट फ्रँक हा स्विस फोटोग्राफर १९५५ मध्ये गुगेनहाइम फेलोशिप मिळाल्यावर गाडी घेऊन अमेरिकाभर फिरला, साडेसातशेच्या वर रोल, म्हणजे सत्तावीस हजारांच्या वर फोटो. त्याच्या पुस्तकात आले किती, तर ८३. साधारण सव्वातीनशेला एक. नजर म्हणतात ती त्या ८३ मध्ये जितकी आहे तितकीच बाजूला ठेवलेल्या हजारोंमध्ये पण आहे. आणि आपण रविवारी रात्री सिरियल बघत बघत निवडतो.

आता इलाज

एका बसण्यात होणारा नाही, मला दोन पावसाळे लागले.

रिजेक्ट डिलीट करू नका, ते उघडा. लाइटरूम क्लासिक असेल तर लायब्ररीत फिल्टर बारवर जाऊन रिजेक्टचा झेंडा निवडा, दुसरं काही वापरत असाल तर त्यात पण असतंच काहीतरी. मोबाईलवाल्यांनी गॅलरीत वर्षानुवर्षं मागं जायचं, आणि जे कधीच कुणाला पाठवले नाहीत, स्टेटसला लावले नाहीत, ते बघायचे. त्यातले तांत्रिक चुकीचे सोडा. जे धड आहेत आणि तरी फेकलेत त्यांचं वेगळं कलेक्शन करा. का फेकला हा विचार तेव्हा करू नका, नुसतं गोळा करा.

तिथंच फिल्टरमध्ये मेटाडेटावर जाऊन फोकल लेंथ, म्हणजे फोटो किती एमएमवर काढलाय ते, बघून घ्या. मी स्वतःला ८५ वाला समजत होतो, आणि या गोळा केलेल्या फोटोंत जवळपास सगळे ३५ चे निघाले, तेही दुसऱ्या कॅमेऱ्यावर, जो नुसता खांद्याला लटकत असतो. म्हणजे ज्या लेन्सवर लाखभर घातले ती पार्टीची आणि जुनी खरचटलेली ३५ माझी. वेळ पण बघा, फोटोला वेळ चिकटलेली असते. माझे बरेचसे मुहूर्ताच्या आधीची पंधरा-वीस मिनिटं किंवा पंगती उठल्यावरचे. मुहूर्तावरचा फारसा कुठला नाही, कारण तेव्हा मी कामावर असतो!

मग प्रिंट. हे टाळू नका, सगळे टाळतात. ४ बाय ६ च्या साध्या प्रिंट, जिथं स्वस्त मिळतील तिथं, कागद कुठला वगैरेच्या नादाला न लागता. स्क्रीनवर एकावेळी एकच फोटो नीट दिसतो आणि प्रत्येक फोटो हिरो व्हायला बघतो. जमिनीवर शंभर प्रिंट पसरल्या की ते एकमेकांशी बोलायला लागतात, कुठला कुणाशेजारी बसतो ते हातानं सरकवून कळतं. मी हॉलमध्ये पसरल्या, दोन दिवस घरात सगळे भिंतीला धरून चालत होते.

आणि वेळ जाऊ द्या. गॅरी विनोग्रँड म्हणून न्यूयॉर्कचा फोटोग्राफर होता, तो मुद्दाम वर्ष-दीड वर्ष रोल डेव्हलप करायचा नाही, म्हणजे फोटो काढतानाचा मूड विसरला जाईल आणि फोटो फोटो म्हणून दिसेल. त्याचं जरा जास्तच झालं, १९८४ मध्ये गेला तेव्हा अडीच हजारांच्या आसपास रोल न धुतलेले निघाले. आपल्याला इतकं नको. मी आषाढातले फोटो गणपती उठल्यावर उघडतो, तेवढ्यानं पण फरक पडतो, पावसात किती भिजलो, किती चढलो, ते डोक्यातून गेलेलं असतं आणि कष्टाचे मार्क फोटोला मिळत नाहीत.

पहिलं निदान चुकू शकतं, माझं चुकलं

हे महत्त्वाचं आहे म्हणून जरा थांबून सांगतो. प्रिंट बघून मी ठरवलं की माझा विषय म्हणजे लग्नामागचा रिकामेपणा, उरलेल्या खुर्च्या, विझलेली रोषणाई. लगेच छाती फुगली. पुढचा सीझन मी ते 'मुद्दाम' काढलं, आणि दोनेक महिन्यांत खुर्च्यांचे शे-दोनशे फोटो जमले, सगळे मेलेले. आधीचे दहा जिवंत होते कारण ते मला दिसले होते, हे मी शोधायला गेलो होतो. शिवाय रिकाम्या खुर्चीचा फोटो जगात कमी आहेत का? धुक्यातल्या झाडाचीच बहीण ती.

वर मग शोधाशोध केली तर बंगळुरूचे महेश शांताराम, ते पण लग्नाचे फोटोग्राफर, त्यांनी भारतीय लग्नांच्या आजूबाजूचं असं काम आधीच केलेलं, आणि माझ्यापेक्षा कितीतरी पुढचं. एक आठवडा कॅमेऱ्याला हात लावला नाही.

परत प्रिंट पसरल्या. यावेळी खुर्च्या बाजूला काढल्या आणि फक्त माणसं असलेले ठेवले. बायको चहा घेऊन आली, उभ्याउभ्याच म्हणाली, "सगळ्यांनी हातात काय ना काय धरलंय की."

बघतो तर खरंच. अंतरपाट धरलेले दोघं. नवरीची पर्स, तिचा मोबाईल आणि स्वतःचं लेकरू असं सगळं घेऊन उभी करवली. अक्षतांचं ताट धरून कंटाळलेला पोरगा, वरातीत डोक्यावर लाइट घेऊन चालणाऱ्या बायका, घोड्याचा लगाम धरलेला माणूस, नवरदेवाचा कोट हातावर टाकून पंगतीत जागा शोधणारा मित्र. आणि माझाच लाइट स्टँड धरून उभा असलेला माझा असिस्टंट, त्याचे तर अकरा निघाले, बिचाऱ्याला पत्ताच नव्हता. झोपलेला आचारी पण, नीट बघितलं तर झोपेत त्याच्या हातात कुणाचीतरी छत्री आहे.

दुसऱ्यासाठी काहीतरी धरून उभी असलेली माणसं. कुणी सांगितलं असतं की यावर फोटो काढ तर मी हसलो असतो. पण मी हे सात-आठ वर्षं काढतच होतो, आणि विचार केला तर कळतं पण का ते, मी स्वतः दुसऱ्याच्या लग्नात दुसऱ्यासाठी कॅमेरा धरून उभा असतो. हे शेवटचं वाक्य लिहिताना जरा लाज वाटतीये, जास्त जुळवून आणल्यासारखं वाटतं, पण आहे असं.

आता यातून पावसाळ्याचं काय झालं ते बघा, कारण मूळ दुखणं तिथलं होतं. मागच्या वर्षी वारीत गेलो पण दिवे घाट सोडला, वाल्ह्याच्या पुढं दिंडीबरोबर चाललो. तिथं एक वीणेकरी धोतर सावरायला थांबला, वीणा खाली ठेवायची नाही, मग त्यानं शेजारच्याच्या गळ्यात दिली, आणि तो दुसरा माणूस जो आत्तापर्यंत गप्पा मारत चालला होता तो एकदम ताठ झाला, चेहरा बदलला, मिनिटभर. तो फोटो माझा आहे. प्रकाश बोगस, आभाळ पांढरंफटक, मागं पाण्याचा टँकर. आधीचा मी असतो तर एक्स मारला असता. पांढऱ्या आभाळाचं पण वाईट वाटून घेऊ नका, बर्न्ड आणि हिला बेशर हे जर्मन जोडपं पाण्याच्या टाक्या आणि कारखान्यांच्या भट्ट्यांचे फोटो काढायचं, आणि मुद्दाम अशाच ढगाळ सपाट प्रकाशात, दशकानुदशकं. आपण गोल्डन अवर गोल्डन अवर करत, म्हणजे सकाळ-संध्याकाळच्या सोनेरी उन्हाची वाट बघत, पावसाळा वाया घालवतो.

इतरांना येणाऱ्या अडचणी

मला काही पॅटर्नच दिसत नाही, असं माझ्या असिस्टंटचं झालं. त्याला म्हटलं तुझे फोटो तू बघू नकोस, मला आणि तुझ्या बहिणीला बघू दे, आणि आम्ही चांगला-वाईट म्हणणार नाही, फक्त काय दिसतं ते सांगणार. बहिणीनं सांगितलं की तुझ्या फोटोत सगळे दाराच्या मधे उभे असतात. त्याला ते पटलं नाही, मग पंधरा दिवसांनी पटलं. फोटोग्राफर मित्राला विचारू नका, तो लेन्स विचारतो. वीस-तीसच फोटो असतील तर मात्र पॅटर्न दिसणारच नाही, आधी काढत राहा, त्याला इलाज नाही.

नोकरी-धंदा सांभाळून होत नाही म्हणणाऱ्यांनी सुधारक ओलवेंचं काम बघा. मुंबईत वर्तमानपत्रासाठी फोटो काढता काढता त्यांनी महापालिकेच्या सफाई कामगारांवर वर्षानुवर्षं काम केलं, २०१६ मध्ये पद्मश्री मिळाली. रोजच्या कामाच्या रस्त्यावरच पडलेलं असतं काहीतरी, माझं तर अक्षरशः पार्टीच्या पैशानं झालंय.

परवानगीचा प्रश्न खरा आहे आणि मी सुरुवातीला तो नीट हाताळला नाही. लग्नाला पाहुणा म्हणून आलेल्या माणसानं तुम्हाला काही लिहून दिलेलं नसतं. आता मी ऑर्डर घेतानाच सांगतो की काही फोटो मी स्वतःसाठी ठेवीन आणि कुठं लावायचे झाले तर विचारीन, आणि विचारतो. एका ताईंनी नाही म्हटलं, तो माझ्या पहिल्या पाचातला फोटो होता, तो बंद पाकिटात आहे. बाल्या म्हणून आमच्याकडं लाइट उचलणारा पोरगा होता त्यानं मात्र स्वतःचा मागून घेऊन घरात लावला.

आणि सगळ्यात चिवट अडचण, हे परत उलटतं. मला पण उलटलं. तुळशीचं लग्न झालं की सात-आठ महिने परत पार्टीचा डोळा लागतो आणि आषाढात मी परत कासचं बुकिंग बघत बसलेला असतो. यावर मी एकच पथ्य पाळतो, प्रत्येक लग्नाचं कार्ड उतरवलं की एडिटिंगला हात लावायच्या 'आधी' त्यातला एक फोटो असा काढून ठेवायचा जो पार्टीला जाणार नाही, कुठं टाकणार नाही. एकच. दोन नाही, कारण दोन म्हटलं की दुसरा मी लोकांना आवडेल असा निवडतो, करून बघितलंय. गेल्या सीझनचे असे ४३ झाले, त्यातले निम्मे टाकाऊ आहेत आणि चालतंय.

त्या कासवाल्या मित्राबरोबर या वर्षी परत तीच टेस्ट केली, दोघांचे वीस-वीस. त्यानं माझे सोळा ओळखले. जे चार त्यानं स्वतःचे म्हणून घेतले ते सगळे फुलांचे होते, ते मी त्याला देऊन टाकले.

शेवटचं, प्रिंट भिंतीवर लावणार असाल तर डबल टेप अजिबात वापरू नका, चार महिन्यांनी काढताना भिंतीचा रंग पापुद्र्यासकट येतो आणि मग फोटोंपेक्षा भिंतीवर जास्त चर्चा होते. दोन खिळे, सुतळी आणि कपड्यांचे लाकडी चिमटे. प्लास्टिकचे नको, त्यांची खूण कागदावर उमटते.